नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर नक्की किती आणि तास किती धरायचे?

सीबीएस_चौक

आई-बाबांचं (वय ६८ आणि ७२) १५ जूनचं मुंबई-सॅन फ्रान्सिस्को तिकीट बघतोय, परतीचं ५ ऑक्टोबरचं. पैसे भरण्याआधी काही गोष्टींचा उलगडा हवा आहे.

१) अंतर एका साईटवर १३,५०० दिसतं, दुसरीवर ८,४००, तिसरीवर ७,३००. खरं कुठलं?

२) नकाशात अमेरिका आपल्या पश्चिमेला. मग अंतर मोजणाऱ्या साईट्स मुंबईहून रेषा सरळ वर, ध्रुवाकडे का काढतात?

३) दुबईमार्गे तिकिटावर जाताना मुंबईहून पहाटे ४:३० ला निघणं, दुबई ६:१५, तिथून ८:३०, आणि सॅन फ्रान्सिस्को त्याच दिवशी दुपारी १:१५. येताना ५ ऑक्टोबरला दुपारी ३:४५ ला निघून ७ ऑक्टोबरला पहाटे २:१० ला मुंबई. जाताना नऊ तास आणि येताना दीड दिवस? काहीतरी चुकतंय.

४) नाशिकहून मुंबई गाठावी की ओझरहून (नाशिकच्या विमानतळावरून) दिल्ली? घरात सगळ्यांचं मत पडलं की दिल्ली म्हणजे उगाच वळसा.

जाणकारांनी कृपया सांगावं.

---

अक्षांश२०

तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त एककं वेगळी. १३,५०० किलोमीटर, ८,४०० साधे मैल, ७,३०० नॉटिकल मैल. साधा मैल १.६०९ किमीचा आणि नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. विमानवाले नॉटिकलमध्येच बोलतात, कारण पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, हिशोब सुटसुटीत होतो.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांतल्या फरकाचा कॉस, या तिघांचा वेगळा गुणाकार करा. दोन्हींची बेरीज करून तिचा उलटा कॉस घ्या. कोन येतो साधारण १२१.५ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे १३,५१० च्या आसपास.

यात दोन ठिकाणी हमखास गडबड होते. एक म्हणजे एक्सेल अंश समजत नाही, त्याला रेडियन लागतात. आधी रूपांतर केलं नाही तर उत्तर काहीच्या काही येतं, पण ते निदान लगेच कळतं. दुसरी चूक जास्त फसवी आहे. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायला विसरलात की सॅन फ्रान्सिस्को चीनच्या शांडोंग किनाऱ्याजवळ, पीत समुद्रात जाऊन पडतं आणि अंतर ५,२०० किमी येतं. आकडा दिसायला अगदी शहाणासुरता, त्यामुळे शंकाही येत नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे साईट्समध्ये दहा-वीस किमी इकडेतिकडे होतात. त्याच्या मागे लागू नका.

आता रेषा वर का जाते. भिंतीवरचा नकाशा हा गोलाचं साल काढून सपाट केलेला असतो आणि ध्रुवाजवळचा भाग त्यात अवाच्या सवा ताणलेला असतो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेला सरकतो. मुंबईहून निघताना ही रेषा उत्तर दिशेपासून पूर्वेला फक्त १४ अंश कललेली आहे आणि वाटेत ७६.६ उत्तर अक्षांशापर्यंत चढते. सॅन फ्रान्सिस्को आपल्या पूर्वेला की पश्चिमेला, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. ते जगाच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला आहे.

दुबईचं उदाहरण तर कागद-पेन्सिलीचंही नाही, तोंडी होतं. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत जवळपास १७८ अंशांचा फरक, म्हणजे सर्वांत जवळची वाट ध्रुवाला खेटूनच. दुबई २५.२५ वर, तिथून ध्रुव ६४.७५ अंश. ध्रुवावरून खाली ३७.६२ पर्यंत ५२.३८ अंश. बेरीज ११७.१, गुणिले १११.२, झाले १३,०२० किमी.

---

पुच्छवारा

वरचा हिशोब बरोबर आहे, पण त्या रेषेवरून विमान जात नाही. तिकिटावरचे तास कळायला हे आधी लक्षात घ्यावं लागतं.

पहिला अडथळा हिमालय आणि त्यामागचं तिबेटचं पठार. विमान त्याच्या वरून उडू शकत नाही असं नाही, अकरा किलोमीटर उंचीवरून एव्हरेस्टही खालीच राहतं. प्रश्न आतला दाब गेला तर काय, हा आहे. तसं झालं की विमान ताबडतोब १०,००० फुटांवर, म्हणजे तीनेक हजार मीटरवर उतरवायचं असतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटांचा. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे. उतरणार कुठे? म्हणून बहुतेक मार्ग त्या पठाराला वळसा घालतात. काही पश्चिमेकडून मध्य आशियातून, काही पूर्वेकडून म्यानमार-चीन-जपान करत पॅसिफिकवरून.

दुसरा अडथळा राजकारणाचा. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि नंतर महिन्या-महिन्याने नोटॅम काढून मुदत वाढवत नेली. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी निघणारी अधिकृत सूचना. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेला जाणारी भारतीय विमानं आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून जायला लागली. अमेरिकेच्या काही फेऱ्यांना व्हिएन्नात इंधनासाठी थांबावं लागलं. परदेशी कंपन्यांना ही बंदी नाही. उलट रशियाची हद्द फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झाली, भारतीय आणि आखाती कंपन्यांना मात्र उघडी राहिली. सारांश, त्याच दोन शहरांमध्ये कंपनी बदलली की मार्ग बदलतो आणि तासही बदलतात.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा घटक, वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो, हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. मुंबई-लंडन ७,२०० किमी धरा. विमानाचा हवेतला वेग ९०० आणि वाटेवर सरासरी ५० किमीचा वारा असला, तर जाताना ८५० ने साडेआठ तास लागतात, येताना ९५० ने ७ तास ३५ मिनिटं. फरक जवळपास एक तासाचा.

याचा नामी दाखला एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फेरीचा आहे. आधी ती अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किमी जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये तीच फेरी पॅसिफिकवरून नेली, अंतर झालं सुमारे १५,३०० किमी, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. चौदाशे किमी जास्त उडून कमी वेळ. वारा पाठीशी होता, बाकी काही नाही.

तुमच्या दुबईच्या तिकिटात जाणं-येणं जवळपास सारखं दिसेल, कारण तो मार्ग उत्तर-दक्षिण आहे आणि वारा बहुतेक वेळ बगलेतून लागतो.

अंदाज काढायचा माझा ठोकताळा: रेषेच्या अंतरात ५ टक्के मिळवा, ९०० ने भागा, चढ-उतार आणि धावपट्टीपर्यंतच्या रांगण्याचा अर्धा तास घाला. दुबई-सॅन फ्रान्सिस्को: १३,०२० चे १३,६७०, भागून १५.२, अधिक अर्धा, म्हणजे १५ तास ४० मिनिटं. पश्चिमेला सरळ जायचं असेल किंवा बंद हद्दीचा वळसा असेल तर ५ ऐवजी १० टक्के धरा. हा ठोकताळा चार तासांपेक्षा मोठ्या उड्डाणांसाठीच. मुंबई-दिल्लीला लावलात तर खोटा पडेल, कारण तिथे चढ-उतार आणि घिरट्या यांतच निम्मा वेळ जातो.

---

सीबीएस_चौक

दोघांनाही धन्यवाद. नकाशाचं कोडं सुटलं. तासांचं अजून नाही: पहाटे ४:३० ते दुपारी १:१५ हे पावणेनऊ तासच होतात ना?

---

घड्याळजी

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची असते. दोन गावांची घड्याळं थेट वजा करायची नाहीत.

जूनमध्ये कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. जाताना घड्याळी फरकात साडेबारा मिळवायचे: ८:४५ अधिक १२:३० बरोबर २१ तास १५ मिनिटं. हा खरा प्रवास. तुकडे करून ताळा घ्या. मुंबई-दुबई: दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून ४:३० ते ६:१५ म्हणजे १:४५ अधिक १:३०, सव्वातीन तास. दुबईत ६:१५ ते ८:३०, सव्वादोन तास. दुबई-सॅन फ्रान्सिस्को: उन्हाळ्यात फरक अकरा तासांचा, ८:३० ते १:१५ म्हणजे ४:४५ अधिक ११, म्हणजे १५:४५. एकूण ३:१५ + २:१५ + १५:४५ = २१:१५. जुळलं.

येताना उलट, साडेबारा वजा करायचे. ५ ऑक्टोबर दुपारी ३:४५ ते ७ ऑक्टोबर पहाटे २:१० म्हणजे घड्याळी ३४ तास २५ मिनिटं. वजा १२:३०, राहिले २१ तास ५५ मिनिटं. जाताना-येताना फरक फक्त ४० मिनिटांचा, तोही बहुधा दुबईतल्या थांब्यामुळे.

परतीची तारीख पुढे ढकलायचा विचार असेल तर सांभाळा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे करतात. २०२६ मध्ये ते ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. त्यानंतर फरक साडेतेरा तास. दुबई आणि भारत घड्याळाला हात लावत नाहीत, म्हणून हा एक तास कुठून आला ते लोकांना कळत नाही.

पॅसिफिकवरून जाणारं विमान वाररेषा ओलांडतं, मग एक दिवस मिळतो का, असा पुढचा प्रश्न येईलच. नाही. कुठल्याही बाजूने गेलात तरी पोचल्यावर तिथलं घड्याळ तेच. वजाबाकी-बेरजेत वाररेषा आणायचीच नाही.

आता खरी खबरदारी. १५ जूनचं पहाटे ४:३० चं विमान म्हणजे १४ जूनच्या रात्रीचा प्रवास. १५ ला रात्री जेवून निघालात तर विमान सोळा-सतरा तास आधीच गेलेलं असेल. मुंबईची बरीच आंतरराष्ट्रीय उड्डाणं मध्यरात्रीनंतरची असल्याने ही चूक नेहमीची आहे. कॅलेंडरवर १५ च्या चौकोनात विमानाचा नंबर लिहा आणि १४ च्या चौकोनात 'आज निघायचं'.

---

ओझर_मिग

चौथ्या प्रश्नाबद्दल. दिल्ली वळसा नाही, उलट अगदी वाटेवर आहे. अक्षांश२० यांनी सांगितलेली रेषा मुंबईहून उत्तरेला जाते, दिल्ली तिच्या जवळच. मुंबई-दिल्ली १,१३८ आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,३८० अशी बेरीज केली तर थेट रेषेपेक्षा जेमतेम दहा किमी जास्त. बाकीच्या थांब्यांशी ताडून बघा. दुबईमार्गे १४,९५०, फ्रँकफर्टमार्गे १५,७२०, सिंगापूरमार्गे १७,५००. ओझर-दिल्ली तर ९९० किमीच. घरच्यांना हे आकडे दाखवा.

अर्थात पुच्छवारा म्हणतात तसं, दिल्लीच्या पुढचा खरा मार्ग लांबतो. तरीही ज्येष्ठांच्या दृष्टीने घाट आणि ठाण्याचा ट्रॅफिक वाचणं, हा फायदा किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

पण ओझरचा पर्याय घेताना अट एकच: ओझर-दिल्ली आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को एकाच पीएनआरवर असेल तर बिनधास्त. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं:

बॅगा दिल्लीत पट्ट्यावरून उतरवून पुन्हा जमा कराव्या लागतात. देशांतर्गत तिकिटावर १५ किलो आणि अमेरिकेच्या तिकिटावर सहसा २३ किलोच्या दोन, हा फरक ओझरच्या काउंटरवर जादा सामानाच्या पैशांत दिसतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला गैरहजर धरते, आणि मग परतीचा भागही रद्द होऊ शकतो. दिल्लीत आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल ३ वरून, देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरलं तर मध्ये रस्त्याचा प्रवास. बसची वाट धरून पाऊण-एक तास सोडा.

म्हणून वेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत किमान सहा तास, आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे आदल्या दिवशीच दिल्ली गाठून मुक्काम. जूनमध्ये धुकं नाही, पण संध्याकाळची धुळीची वादळं असतात. ओझरहून दिल्लीला दिवसभरात फेऱ्या मोजक्याच. मुंबईसारखं 'हे गेलं तर पुढचं' असं नाही. शिवाय वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. तुमची ५ ऑक्टोबरची परत उन्हाळी वेळापत्रकातच येते, ते एक बरं.

---

सीबीएस_चौक

एकाच पीएनआरवर ओझरहून मिळणारी तिकिटं बरीच महाग दिसतायत, त्यामुळे बहुधा दुबईमार्गेच. ४:३० च्या विमानासाठी गंगापूर रोडहून किती वाजता निघावं? समृद्धीवरून गेलं तर किती वाचतं? आणि सव्वादोन तासांचा दुबईतला थांबा आई-बाबांना पुरेल का?

---

घोटी_टोल

आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी, म्हणजे मध्यरात्री १:३० ला टर्मिनल २ च्या दारात. मागे मोजत या.

इगतपुरी-आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट पूर्ण टळतो. शहरातून इगतपुरीजवळच्या चढणीपर्यंत एक तास, समृद्धीवर पाऊण ते एक तास. इथपर्यंत वेळ भरवशाची. आमणेला उतरलात की खरी परीक्षा: भिवंडी, माजिवडा, मग द्रुतगती मार्ग. हे चाळीस-पंचेचाळीस किमी रात्री अकरानंतर सव्वा तासात होतात, पण अवजड वाहनांना बंदी उठायची वेळ आणि तुमची वेळ एकच झाली तर दोन-अडीच तासही लागतात. कुंभाच्या कामांमुळे नाशिक शहरातही द्वारका, मुंबई नाका भागात अर्धा तास जादा धरा.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झालेला असू शकतो. समृद्धीवर इगतपुरीच्या पट्ट्यात धुक्यात गाडीचा वेग निम्म्यावर येतो.

मी १४ तारखेला संध्याकाळी ७:३० ला निघा म्हणेन. सगळं सुरळीत झालं तर ११:३० ला पोचाल आणि दोन तास बसून राहाल. ते चालतं. काउंटर उघडायची वेळ आधी बघून ठेवा, उगाच लवकर आत गेलं तर बॅगा घेऊन उभं राहावं लागतं.

आणि तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू आहे. 'मुंबई' शोधलं की दोन्ही दिसतात. आमणेनंतरचा रस्ताच वेगळा, चुकीच्या दारात उतरलात तर मध्यरात्रीही तासभर गेला.

---

घड्याळजी

दुबईच्या थांब्याबद्दल: सव्वादोन तास कागदावर ठीक, पण दार पाऊण-एक तास आधी बोलावतात आणि अमेरिकेच्या विमानांना तिथे जादा तपासणी असते. हातात उरतो दीड तास, आणि मुंबईहून विमान अर्धा तास उशिरा सुटलं की एकच. ७२ वर्षांच्या माणसाला साडेतीन ते चार तासांचा थांबा निवडा, एकूण प्रवास २३ तासांचा झाला तरी हरकत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच दोघांसाठी नोंदवा, आयत्या वेळी मागितली तर मिळते पण वाट बघावी लागते.

अबुधाबीमार्गे तिकीट दिसलं तर लक्षात ठेवा, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतात. तिथे थांबा तीन तासांपेक्षा कमी नको, पण सॅन फ्रान्सिस्कोत उतरल्यावर थेट बॅगा घेऊन बाहेर.

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दिवसातून एकदाच्या गोळ्या भारतीय वेळेने घ्यायच्या की तिथल्या, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन असेल तर नक्कीच, कारण हा 'दिवस' साडेछत्तीस तासांचा असतो. पंधरा तासांच्या टप्प्यात दर दोन तासांनी उठून चालणं आणि जागा कडेची.

---

घोटी_टोल

परतीचं एक राहिलं. ७ ऑक्टोबर पहाटे २:१० ला उतरणार, इमिग्रेशन आणि बॅगा धरून साडेतीन-पावणेचारला बाहेर. गाडी सांगताना ड्रायव्हरला '७ तारीख पहाट' एवढंच सांगू नका. '६ तारखेला रात्री १० ला नाशिकहून निघायचं' असं सांगा, आणि त्याला आदल्या दुपारी दुसरं भाडं नाही ना, ते विचारून घ्या. साडेतीनला निघालेली गाडी समृद्धीवर पाच-साडेपाचच्या सुमाराला असते. सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला डुलकी लागायची तीच वेळ. चहाला आमणेच्या आधीच थांबा.

---

सीबीएस_चौक

चार तासांच्या थांब्याचं तिकीट मिळालं, सुटायची वेळ पहाटेऐवजी १४ जून रात्री १०:०५. म्हणजे नाशिकहून दुपारी १ ला?

---

घोटी_टोल

१२:३० ला. ७:०५ ला दारात पोचायचंय, आणि संध्याकाळी भिवंडी-माजिवड्याला अडीच तास धरायचे. रविवार आहे, म्हणजे नाशिक-इगतपुरीहून मुंबईला परतणाऱ्यांची गर्दीही त्याच दिशेला. जेवून निघा.